जिथे माणूस नाही तिथला पाऊस

श्रोतेहो, नमस्कार.

देवाच्या सृष्टीचं कौतुक म्हटलं की सूर्योदय, फुलं, इंद्रधनुष्य आपोआप पुढे येतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण पवित्र शास्त्रात देव स्वतः आपल्या निर्मितीविषयी सविस्तर बोलतो, ते ईयोबाच्या पुस्तकात, आणि तिथे फुलांचं कौतुक नाही.

ईयोबाची मुलं गेली, मालमत्ता गेली, अंगभर फोड उठले. तो देवाला जाब विचारतो आहे. 38व्या अध्यायात देव वावटळीतून बोलू लागतो, पण दुःखाचं कारण सांगतच नाही. उलट प्रश्नांची सरबत्ती करतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानबकऱ्या कधी वितात, तुला ठाऊक आहे? रानगाढवाला मोकळं कोणी सोडलं? रानबैल तुझ्या गव्हाणीपाशी रात्र काढील का? सिंह, कावळा, शहामृग, ससाणा, रक्त पिणारी गरुडाची पिलं असे एकेक प्राणी येत जातात. त्यांत माणसाच्या कामाचा एकच, लढाईचा घोडा. आणि मध्येच एक प्रश्न असा, की ज्या ओसाड रानात माणूस राहत नाही तिथे पाऊस कोण पाडतं?

त्या पावसावर कुणाचं पीक येणार नाही. कुणी त्याबद्दल आभारही मानणार नाही. तरी देव तो पाडतो, आणि ईयोबाला आवर्जून सांगतो. मला वाटतं, ख्रिस्ती माणसाचं सृष्टीप्रेम इथून सुरू व्हायला हवं. आपल्या उपयोगी पडतं म्हणून झाड चांगलं, असं उत्पत्तीचा, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकाचा, पहिला अध्याय म्हणत नाही. माणूस घडण्याआधीच देव आपल्या निर्मितीला पुन्हा पुन्हा ‘चांगलं’ म्हणतो. ‘फलद्रूप व्हा’ हा आशीर्वादसुद्धा आधी मिळतो तो जलचरांना आणि पाखरांना, पाचव्या दिवशी. आपण आलो सहाव्या दिवशी, तेही रानपशूंच्या सोबतीनं.

104वं स्तोत्र हेच आनंदानं गातं. रात्री सिंहाचे छावे देवाकडे भक्ष्य मागत गर्जतात. सूर्य उगवला की ते गुहेत परततात आणि माणूस कामाला निघतो. जणू एकाच कारखान्यातल्या दोन पाळ्या! समुद्रात माणसांची जहाजं चालतात, तिथेच लिव्याथान हा महाकाय जलचर आहे. देवानं त्याला कशासाठी घडवलं? तिथे खेळण्यासाठी.

प्रभू येशूचं बोलणंही याच वळणाचं. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट, वरकड! तिचाही देवाला विसर पडत नाही, असं प्रभू सांगतो.

आता इटलीतल्या असिसी गावच्या संत फ्रान्सिसविषयी. त्याचं नाव काढलं की खांद्यावर पाखरं बसलेली गोड चित्रं आठवतात. खरा प्रसंग इतका गोड नाही. 1225च्या सुमारास त्यानं सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारं स्तुतिगीत रचलं, तेव्हा तो आजारानं खंगला होता आणि जवळजवळ आंधळा झाला होता. उजेड त्याच्या डोळ्यांना सोसत नव्हता. ज्या सूर्याकडे त्याला बघवत नव्हतं, त्या सूर्यासाठी तो देवाचे आभार मानत होता.

श्रद्धा ठेवली की निसर्गाची चौकशी थांबते, असं काहींना वाटतं. केंब्रिजमधल्या जगप्रसिद्ध कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची पहिली इमारत 1874 साली सुरू झाली. तिच्या दारावर 111व्या स्तोत्रातलं वचन लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. परमेश्वराची कृत्यं थोर आहेत आणि ज्यांना ती आवडतात ते त्यांचा शोध घेतात, असा त्याचा आशय. भौतिकशास्त्रज्ञांना रोज आत जाताना दिसावं असं वचन, नाही का?

राहता राहिला ‘सत्ता चालवा’ हा उत्पत्तीत देवानं माणसाला सांगितलेला शब्द. त्याच्या आडोशानं आपण जंगलं तोडली, नद्या नासवल्या, हे कबूल करायला हवं. पण दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो मशागत आणि राखण करायला. पुढे नियमशास्त्र, म्हणजे मोशेच्या हातून दिलेल्या देवाच्या आज्ञा, तर अगदी बारकाव्यात शिरतं. घरट्यात पिलांवर किंवा अंड्यांवर पक्षीण बसलेली दिसली, तर तिला पिलांसकट धरू नये, सोडून द्यावं. सहा वर्षं शेत पेरावं, सातव्या वर्षी पडीक ठेवावं. त्या वर्षी जे आपसूक उगवेल ते गरिबांनी खावं, आणि त्यांच्याकडून जे उरेल ते रानातल्या जनावरांनी.