परदेशी मुलांकडे राहायला जाताना: औषधं, विमा आणि तिथला डॉक्टर

(पुण्यातील ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी कोणी सहा महिन्यांसाठी मुलीच्या बाळंतपणाला निघालंय, कोणाचं ग्रीन कार्ड झालंय, कोणी दर वर्षी हिवाळा पुण्यात आणि उन्हाळा तिकडे असं करतंय. तब्येतीच्या बाबतीत तुमची सगळ्यांची अडचण एकच आहे. इथला डॉक्टर तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतो. कुठलं अँटिबायोटिक चालत नाही, स्टेंट कधी बसला, कुठल्या गोळीने पाय सुजले होते, हे त्याच्या डोक्यात असतं. ते डोकं तुमच्याबरोबर विमानात बसत नाही. त्यातलं कामाचं सगळं कागदावर उतरवून घ्यायचं, आणि ते पुण्यात असतानाच, निघायच्या निदान दोन महिने आधी.

कागद म्हणजे जाडजूड फाइल नव्हे. अमेरिकेतल्या इमर्जन्सीचा डॉक्टर दहा वर्षांचे रिपोर्ट उलटत बसणार नाही. त्याला एक पान हवं, इंग्रजीत, टाइप केलेलं. नाव पासपोर्टवर आहे तसं. अ‍ॅलर्जी सगळ्यात वर. मग आजार आणि ते कोणत्या वर्षापासून आहेत. ऑपरेशनं. स्टेंट असेल तर कोणत्या रक्तवाहिनीत, कधी, कोणत्या प्रकारचा. हॉस्पिटलने दिलेलं स्टेंटचं कार्ड हरवलं असेल तर मेडिकल रेकॉर्ड विभागात अर्ज करून डिस्चार्ज समरीची प्रत मागा. त्यानंतर चालू औषधं आणि ताजं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). खाली डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, ईमेल.

तारखा लिहिताना महिना अक्षरात लिहा. आपण ०५/०७ लिहितो ते ५ जुलै. अमेरिकेत तोच आकडा ७ मे वाचला जातो. जन्मतारखेत ही गडबड झाली तर विम्याचा दावा त्यावरच अडकून बसतो.

या पानासोबत एक जुनी गोष्ट आवर्जून न्या, ती म्हणजे शेवटचा ईसीजी. फोनमध्ये फोटो असला तरी चालेल. अनेकांच्या ईसीजीत एखादा जुना, निरुपद्रवी बदल असतो. इथल्या डॉक्टरला तो माहीत असतो. तिथे छातीत जळजळ म्हणून गेलात आणि तुलनेला जुना ईसीजी नसला, तर तो बदल आजचा धरला जातो आणि रात्रभर ठेवून घेतात. त्यांची चूक नसते, पण बिल तुमचं असतं.

आता औषधं. आपण ब्रँडच्या नावाने बोलतो. ती नावं पुण्याबाहेर, निदान भारताबाहेर, कोणालाही कळत नाहीत. म्हणून प्रत्येक गोळीचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, असं लिहून घ्या. मूळ नावंही कधी कधी बदलतात: आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटामिनोफेन होतं, दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल.

याहून मोठी अडचण अशी की आपल्याकडे सर्रास चालणारी काही औषधं अमेरिकेत मिळतच नाहीत. शुगरसाठी ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन. बीपीसाठी सिल्निडिपिन. हृदयासाठी निकोरँडिल, ट्रायमेटाझिडिन. गुडघ्यांसाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब. शिवाय दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या आपल्या बऱ्याच गोळ्या तिथे जशाच्या तशा मिळत नाहीत. महिना-दोन महिने राहणाऱ्याने पुरेसा साठा न्यावा, प्रश्न मिटला. पण वर्षभर राहायचं असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारा, 'तिथे मिळेल अशा गोळीवर मला इथेच आणता का?' बदल पुण्यात झाला तर सहा आठवडे बीपीची नोंद ठेवता येते, कमी-जास्त करून घेता येतं. तोच बदल परक्या डॉक्टरकडे, जेट लॅगमध्ये आणि दिवाळीच्या फराळासकट करायला गेलात तर कशाने काय झालं ते कोणालाच सांगता येणार नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी असिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. अमेरिकेत त्याऐवजी वॉरफेरिन देतात, दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे नसतात आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, नव्याने बसवावा लागतो.

साठा किती न्यायचा? अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांचा, मूळ पाकिटात आणि इंग्रजी चिठ्ठीसह, असा दंडक आहे. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी म्हणजे १८० गोळ्या, १५ च्या १२ स्ट्रिपा. केमिस्टला आठवडाभर आधी सांगा आणि स्ट्रिप कापून घेऊ नका. कापलेल्या तुकड्यावर नाव किंवा मुदत यांपैकी एक हमखास गेलेलं असतं. प्लॅस्टिकच्या आठवडी डब्यात सगळं ओतून नेणं तर नकोच. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि ट्रॅमाडॉल, कोडीन यांवर बहुतेक देशांत निर्बंध आहेत. संयुक्त अरब अमिरातीत ही औषधं न्यायची तर आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते; दुबईला मुलाकडे जाणाऱ्यांनी हे हलक्यात घेऊ नये. निम्मी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. आपल्याकडे बॅगेत आधी लाडू-चकलीचे डबे बसतात आणि औषधं उरलेल्या फटीत, तेवढं यंदा उलटं करा.

काढे, भस्मं, चूर्णंही त्या यादीत लिहा. 'आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय' म्हणून सांगायचं राहतं. ज्येष्ठमध नियमित घेतल्यास बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. डॉक्टरला माहीत नसेल तर तो बीपीची गोळी वाढवत बसतो.

इन्सुलिनबद्दल मात्र नीट ऐका, कारण यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची, ४० च्या मापाची. अमेरिकेत बाटली १०० युनिटची आणि सिरिंज नारिंगी टोपणाची. समजा तुम्ही २० युनिट घेता. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्याच सिरिंजमध्ये तिकडची बाटली भरली तर अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. उलटंही होतं: येताना तिकडच्या सिरिंजा उरल्या म्हणून आणल्या आणि इथलं ४० चं इन्सुलिन त्यात २० च्या खुणेपर्यंत घेतलं, तर पोटात जातात फक्त ८ युनिट, आणि शुगर का चढतेय हे कळत नाही. बाटली बदलली की सिरिंज बदलायची, जुनी घरात ठेवायचीही नाही. त्याहून सोपं म्हणजे डॉक्टरांना विचारून पुण्यातच पेनवर या. पेनमधलं इन्सुलिन इथेही बहुधा १०० चंच असतं. विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेतच हवं. चेक-इन सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी भरवशाचं राहत नाही.

लंडन, टोरांटो, सिडनीला जाणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. तिथे शुगर वेगळ्या एककात सांगतात. आपल्या आकड्याला १८ ने भागा: १८० म्हणजे १०. मीटरवर १० दिसलं म्हणून शुगर उतरली समजून साखर खायला धावू नका.

विम्याकडे येऊ. इथल्या नोकरीच्या विम्यात आई-वडील बसतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की मुलाच्या अमेरिकेतल्या कंपनीचा विमा आपल्यालाही लागू होईल. तो सहसा होत नाही. पाहुण्यांचा वेगळा विमा घ्यावा लागतो आणि त्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. स्वस्त प्रकारात प्रत्येक गोष्टीची रक्कम ठरलेली असते: खाटेचे दिवसाला इतके, ऑपरेशनचे इतके. वरचं सगळं तुमच्या खिशातून, आणि अमेरिकेत ते वरचंच मोठं असतं. दुसऱ्या, सर्वंकष प्रकारात सुरुवातीची ठरावीक रक्कम तुम्ही भरता, पुढच्या काही रकमेचे साधारण ८० टक्के कंपनी, आणि त्यानंतर पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत सगळं कंपनी. समजा सुरुवातीचे २५० डॉलर तुमचे आणि पुढच्या ५,००० चे २० टक्के तुमचे: ४०,००० च्या बिलात तुमच्या वाट्याला १,२५० डॉलर येतात. हप्ता महाग असला तरी साठीनंतर हाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधीपासूनचे आजार हे खरं दुखणं. नेहमीची बीपीची तपासणी, शुगरच्या गोळ्या यांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. काही पॉलिसींत जुना आजार अचानक, पूर्वसूचना न देता उफाळला तर पैसे मिळतात, पण त्याला वयाची अट असते आणि उपचार बहुधा २४ तासांच्या आत घ्यावे लागतात. दोन दिवस घरीच आलं-ओव्याचा काढा घेऊन वाट पाहिली तर तो दावा गेला. अर्जात बीपी लपवू नका. मोठा दावा आला की कंपनी पुण्यातले कागद मागवते. दात, चष्मा आणि श्रवणयंत्र यांची कामं इथेच उरकून निघा, ती सहसा कोणत्याच पॉलिसीत बसत नाहीत. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी, म्हणजे आई-वडील आणि आजी-आजोबांच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसासाठी, निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान वर्षभराचा विमा सक्तीचाच आहे.

ग्रीन कार्डवाल्यांचं गणित वेगळं. वयाची ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य झालं की मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घेता येतं. त्यात हॉस्पिटलचा आणि डॉक्टरांचा असे वेगळे भाग असतात. तुम्ही किंवा जोडीदाराने तिथे दहा वर्षं काम करून कर भरलेला नसेल तर हॉस्पिटलच्या भागाचाही हप्ता पडतो; २०२५ मध्ये तो महिना कमाल ५१८ डॉलर होता, डॉक्टरांच्या भागाचा निदान १८५. पात्र झाल्यावर नोंदणी लांबवली तर डॉक्टरांच्या भागावर दर पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड कायमचा चढतो. पाच वर्षं होईपर्यंत सरकारी मार्केटप्लेसवरचा, म्हणजे विमा विकणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरचा, खासगी विमा घेता येतो. त्यासाठी पोचल्यापासून ६० दिवसांची मुदत असते आणि घर लावण्याच्या धांदलीत ती हमखास निसटते. आणि मेडिकेअर पुण्यातल्या उपचाराचे पैसे देत नाही.

तिथे आजारी पडल्यावर कुठे जायचं? ताप, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय यांसाठी अर्जंट केअर, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येणारा दवाखाना. छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, एक बाजू लुळी पडणं, दम लागणं यांसाठी ९११ हा आणीबाणीचा फोन नंबर, मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं नाही. इमर्जन्सी विभागाला १९८६ च्या कायद्याने तपासणी आणि जीव स्थिर करणं बंधनकारक आहे, पैसे असोत वा नसोत. बिल नंतर येतं. ते आलं की लगेच भरू नका, बाबवार बिल मागा आणि हॉस्पिटलची सवलत योजना आहे का ते विचारा. विनानफा हॉस्पिटलांना ती ठेवावीच लागते. कायमच्या डॉक्टरची नवीन रुग्णाला वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून मुलांना ती तुम्ही निघण्याआधीच घ्यायला सांगा. विमा नसेल तर उत्पन्नानुसार फी घेणारी सरकारी अनुदानाची आरोग्य केंद्रं आहेत. पुण्याच्या डॉक्टरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चिठ्ठी तिथला केमिस्ट घेत नाही.

पुण्याहून गेल्यावर काही आठवड्यांत थंडी वाजून ताप आला तर 'मी नुकताच भारतातून आलो' हे पहिलं वाक्य असू दे. नाहीतर मलेरिया, डेंगी, टायफॉइड त्यांच्या मनात सगळ्यात शेवटी येतात. जुना टीबी झाला असेल तर छातीचा जुना एक्स-रे सोबत हवा.

इंग्रजी येत असलं तरी दुखणं मराठीतच नीट सांगता येतं. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाष्या फुकट द्यावा लागतो, फोनवर मराठीही मिळते; ती मागा. सुनेला किंवा जावयाला मध्ये घेतलं की लघवी सुटते, दोनदा पडलो, या गोष्टी सांगायच्या राहून जातात. दुसरीकडे, तुम्ही शुद्धीवर नसताना निर्णय कोणी घ्यायचे हे लेखी ठेवा. त्यासाठीचा अर्ज अमेरिकेत राज्यागणिक वेगळा असतो, वकिलाची गरज बहुधा पडत नाही. इथे केलेलं लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत याचं इच्छापत्र) तिथे आपोआप चालेल असं धरू नका.

शेवटी इथला मेडिक्लेम. परदेशात आहोत म्हणून तो सोडू नका. वार्षिक हप्त्याची तारीख चुकली तर तो भरायला बहुधा ३० दिवसांची वाढीव मुदत असते. ती उलटली तर पॉलिसी बंद पडते आणि जुन्या आजारांची प्रतीक्षा, कमाल तीन वर्षं, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बँकेतून आपोआप हप्ता जाण्याची सोय करा आणि कंपनीकडे नोंदलेला भारतीय मोबाइल तिकडेही चालू ठेवा. परत यायच्या आठवडाभर आधी तिथल्या हॉस्पिटलच्या पोर्टलवरून सगळे रिपोर्ट उतरवून घ्या आणि स्कॅनची सीडी मागा.