रक्तातील प्रतिरोधक जंतूंचा माग

रुग्णाला थंडी वाजून ताप भरला आहे, रक्तदाब उतरू लागला आहे आणि मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी अजून तशीच आहे. परिचारिका हाताची त्वचा जंतुनाशकाने पुसते, ती पूर्ण वाळू देते, आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी दोन वेगवेगळ्या जागांवरून रक्त काढून कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून तपासण्याच्या, बाटल्यांत भरते. प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त जायला हवे. प्रौढ रुग्ण गंभीर असतानाही त्याच्या रक्तात मिलिलिटरमागे अनेकदा एखादाच जिवंत जंतू असतो. दोन-तीन मिलिलिटरवर भागवले तर तो हुकण्याचा धोका वाढतो आणि अहवालात ‘वाढ नाही’ एवढेच उमटते. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची रुग्णालयातील सगळी मोजणी या बाटल्यांवर उभी आहे.

प्रयोगशाळेत बाटल्या साधारण पस्तीस ते सदतीस अंश तापमानाला ठेवल्या जातात आणि जंतू वाढताना सोडत असलेला कार्बन डायऑक्साइड यंत्र सतत टिपत राहते. खूण मिळताच काचपट्टीवर थेंब पसरून ग्रॅम रंजन, म्हणजे जंतूंचा गट सूक्ष्मदर्शकाखाली कळावा म्हणून त्यांना रंगवणे, केले जाते आणि दिसलेले जंतू ताबडतोब दूरध्वनीवरून वॉर्डला कळवले जातात. त्यानंतर जंतूची नेमकी ओळख पटवायची आणि कोणती औषधे त्याच्यावर चालतात ते पाहायचे. जुन्या पण आजही विश्वासाच्या पद्धतीत, जंतू पसरलेल्या थाळीवर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेल्या कार्बापेनेम या प्रतिजैविकांच्या गटातील चकतीला अगदी खेटून क्लेब्सिएला हा आतड्यात राहणारा जंतू वाढलेला दिसला, की संसर्ग नियंत्रण पथकाला अहवाल छापून होण्याची वाट न पाहता कळवले जाते.

त्या एका रुग्णाचा निकाल हाती आला. पण माग ठेवणे त्यापुढे सुरू होते, आणि ते वाटते त्याहून नाजूक काम आहे. त्वचेवरचा निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस जंतू सुईबरोबर बाटलीत शिरला असेल, तर तो संसर्ग नव्हे. म्हणून असा जंतू एकाच बाटलीत सापडला की त्याच्याकडे संशयाने पाहतात. एकाच रुग्णाचे रक्त पाच वेळा तपासले आणि पाचही वेळा तोच जंतू मिळाला, तरी तो एकदाच धरला जातो, नाहीतर ज्याची प्रकृती सर्वांत नाजूक आणि ज्याच्या तपासण्या सर्वांत जास्त, त्याचेच जंतू आकडेवारीत फुगून दिसतील. संसर्ग बाहेरून आला की रुग्णालयात जडला, हे ठरवण्यासाठी सामान्यतः दाखल झाल्यापासूनच्या ४८ तासांची सीमा वापरतात. ती सोयीची सीमा आहे. जंतू घड्याळ पाहून शिरत नाहीत, पण सर्वांनी एकच सीमा पाळली तरच दोन वर्षांची तुलना करता येते.

सर्वांत जास्त फसगत होते ती टक्केवारीत. समजा, एखाद्या रुग्णालयात ताप आल्याबरोबर प्रत्येकाचे कल्चर होते आणि दुसऱ्या ठिकाणी दोन-तीन औषधे निष्फळ ठरल्यावरच होते. दोन्हीकडे जंतू सारखेच असले, तरी दुसऱ्या रुग्णालयात प्रतिरोधाची टक्केवारी कितीतरी जास्त दिसेल. उलट, जिथे कल्चर फारसे होतच नाही तिथे संसर्गांची संख्या इतकी कमी दिसते, की रुग्णालय आदर्श वाटावे. त्यामुळे दर हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल असला की एक रुग्णदिवस) किती कल्चर घेतले गेले, हा आकडा शेजारी नसेल तर कोणत्याही टक्केवारीवर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोजणी प्रामाणिक असेल तर काय साधते, याचे उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथील सार्वजनिक रुग्णालयांना एमआरएसए या, मेथिसिलिन गटाच्या औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या रक्तसंसर्गाची नोंद देणे २००१ मध्ये बंधनकारक झाले. २००४ मध्ये हे संसर्ग निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले आणि २००८ पर्यंत ते गाठलेही गेले. हातांची स्वच्छता आणि शिरेतील नळ्यांची निगा ही कामे आधीही माहीत होती. प्रत्येक रुग्णालयाचा आकडा उघड झाल्यावर ती टाळणे अवघड झाले.

मोजणीने जे दिसत नाही ते कधी कधी जंतूच्या जनुकीय क्रमवारीतून दिसते. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या बेथेस्डा येथील रुग्णालयात कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला अंगी असलेली एक रुग्ण दाखल झाली. तिला वेगळे ठेवले होते, ती बरी होऊन घरीही गेली. काही आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तसाच जंतू आढळला आणि पाहता पाहता एकूण १८ रुग्णांपर्यंत पोहोचला. त्यांपैकी ११ जण दगावले, त्यातले सहा मृत्यू या संसर्गामुळे होते. प्रत्येक नमुन्यातील जंतूचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकीय क्रम, वाचून फरक जुळवले, तेव्हा साखळी त्या पहिल्या रुग्णापर्यंतच जाऊन भिडली. मधल्या काळात हा जंतू कोणतीही लक्षणे न दाखवता काही जणांच्या आतड्यात राहत होता, म्हणजे रक्तात सापडलेले रुग्ण हा त्या प्रसाराचा केवळ दिसणारा भाग होता. त्यानंतर तिथे दाखल रुग्णांची गुदमार्गाच्या नमुन्यांवरून नियमित तपासणी सुरू झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ‘ग्लास’ ही देखरेख व्यवस्था सुरू केली, ती अशा नोंदी एका साच्यात याव्यात म्हणून. २०१९ या एका वर्षात प्रतिरोधक जंतूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अंदाजच आहे, कारण जगाच्या मोठ्या भागात रक्ताचे कल्चर करण्याची सोयच तोकडी आहे, आणि प्रतिरोधाचा भार सर्वांत जास्त असण्याची शक्यता नेमकी तिथेच आहे.

वॉर्डातल्या डॉक्टरला मात्र जागतिक आकड्याहून आपल्याच रुग्णालयाचा तक्ता जास्त उपयोगी पडतो. कोणता जंतू, कोणत्या विभागात, कोणत्या औषधाला किती प्रमाणात दाद देतो, हे त्यावर असते. कल्चरचा निकाल येईपर्यंत रुग्णाला पहिले औषध कोणते द्यायचे, ते त्या तक्त्यावरून ठरते. म्हणून तो निदान वर्षातून एकदा नव्या नोंदींवरून पुन्हा तयार करावा लागतो.