आधी आवारातले पक्षी

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत पक्षीनिरीक्षण सुरू करायचंय म्हणणारे पहिल्यांदा विचारतात, जाऊ कुठे? बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, भांडुप पंपिंग स्टेशनला, की फ्लेमिंगो बघायला खाडीवर? मी सांगते, पहिले काही महिने आपल्या सोसायटीच्या आवारात, नाहीतर जवळच्या बागेत बसा. जंगलात एका सकाळी ढीगभर नवे पक्षी दिसतात आणि घरी येईपर्यंत सगळ्यांची सरमिसळ होते. आवारातला पक्षी रोज भेटतो, त्यामुळे तो अंगवळणी पडतो.

नवशिक्याला सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. उन्हाकडे पाठ करून बसलेला कुठलाही पक्षी काळाच दिसतो. म्हणून आधी आकारमान बघा. त्यासाठी फूटपट्टी आपल्याकडे आहेच: चिमणी, साळुंकी, कावळा, घार. ‘चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान’ एवढं ठरलं तरी बरंच काम होतं. मग चोच, मग शेपटी, आणि तो करतोय काय ते. मैदानात शेपटी वर-खाली हलवत तुरुतुरु चालतोय, तर धोबी. शेपटीचा पंखा उघडून फांदीवर गिरक्या घेतोय, तर नाचण.

डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारीच्या शेपटीला मधे खाच असते. ब्राह्मणी घारीची शेपटी गोलाकार. पूर्ण वाढलेल्या ब्राह्मणी घारीचं पांढरं डोकं आणि विटकरी अंग कुणीही ओळखेल, पण तिचं पिल्लू तपकिरी असतं. तिथे शेपटीच कामाला येते.

आता बुलबुल घ्या. मुंबईत दोन जातींचे सर्रास दिसतात. शिपाई बुलबुलाच्या डोक्यावर टोकदार काळा तुरा, गाल पांढरा, डोळ्यामागे छोटा लाल ठिपका, पोट पांढुरकं. लालबुड्याचं डोकं काळं, तुरा आखूड, अंगावर खवल्याखवल्यांची नक्षी आणि उडताना शेपटीच्या वर पांढरा भाग दिसतो. बुडाशी लाल दोघांच्याही असतं, त्यामुळे तेवढ्यावरून ठरवू नका. आणि शिपायाच्या पिल्लाला तो डोळ्यामागचा ठिपका नसतोच! तिथे तुरा आणि पांढरं पोट बघायचं.

अशा बारीक खुणेतूनच पक्षितज्ज्ञ सालिम अलींची सुरुवात झाली. लहानपणी हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ही कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था आज फोर्टात, लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउसमध्ये आहे.

दुर्बीण घ्याल तर आठ पट मोठं दाखवणारी घ्या. दहा पटीची नवख्या हातात थरथरते. आवाज ओळखणारं मोबाइल अ‍ॅप जरूर वापरा, पण आधी वहीत स्वतःचा अंदाज लिहा आणि मग अ‍ॅप उघडा. आधीच उत्तर मिळालं की डोळे बघायचं थांबवतात.

सध्या फेब्रुवारी आहे, तेव्हा एक पक्षी आधी कानाने शोधा. सकाळी वड-पिंपळाच्या बाजूने ‘टुक्, टुक्, टुक्’ असा एकसुरी ठोका ऐकू येतो. तो तांबट. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. ओरडताना मान इकडे-तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज जागा बदलतोय असं वाटतं आणि आपण भलत्याच फांदीवर शोधत राहतो. शिवाय पानांत तो बेमालूम मिसळतो. कोवळ्या उन्हात मात्र झाडाच्या शेंड्यावर, निष्पर्ण काटकीवर येऊन बसतो. तिथे बघा, सापडेल.

एकदा सापडला की त्याच्या मागावर राहा. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने तो चोचीने गोल भोक पाडतो. खाली पडलेला भुसा दिसला की मान वर करा. त्या ढोलीत पिल्लं वाढतात, आणि पावसाळ्याआधीची झाडांची छाटणीही नेमकी याच दिवसांत येते. ज्या वाळक्या फांदीखाली रस्ता नाही, गाडी नाही, माणसांची ये-जा नाही, तिच्यावर ढोली असेल तर ती जून संपेपर्यंत ठेवा, असं सोसायटीच्या कमिटीला आजच लेखी कळवा.

नमस्कार.