तुकडा काढल्यावर त्याचं काय होतं?

मंडळी, ‘तुकडा काढून तपासायला सांगितलाय’ असं कुणी घरी येऊन सांगितलं की घरातलं एक मोठं माणूस हमखास म्हणतं, “गाठीला डिवचू नका, सुरी लागली की भडकते.” मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी डॉक्टर. पेशंट मला सहसा भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो. त्या वाक्यापायी सहा-सहा महिने उशिरा आलेले तुकडे मी पाहिले आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही भीती येते कुठून? आजार आधीच पसरलेला असतो, तेव्हा कुठे माणूस बायोप्सीला, म्हणजे तुकडा काढून तपासायला येतो. पुढे तब्येत खालावते आणि दोष सुईवर जातो. काही ठरावीक गाठींत सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका असतो, हे खरं. पण तो डॉक्टरांना ठाऊक असतो, म्हणून तर वृषणातल्या गाठीत सहसा सुई घालत नाहीत. स्तनातल्या गाठीत असं होऊन आजार वाढणं फारच विरळा.

स्तनाची कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणं, कशी होते ते सांगते. आधी भूल देण्याचं इंजेक्शन, ते जरा चुणचुणतं. मग सोनोग्राफीत बघत सुई आत जाते आणि खटकन आवाज येतो, स्टेपलरसारखा. या आवाजाने बायका दचकतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. असे चार-पाच तुकडे घेतात. नंतर दाबून धरतात, पट्टी लावतात, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. थोडं काळंनिळं पडतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. रक्त थांबेना, ताप आला किंवा जखमेतून पू आला तर लगेच दाखवा.

आता बाटली. तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. एकदा एका मुलाने आईचा तुकडा सलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्यात आणला, दोन दिवस प्रवास करून. बाटली त्याने छातीशी धरली होती. झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं. पेशी विरघळून गेल्या होत्या, त्या माउलीला पुन्हा सुई सोसावी लागली. चूक त्या मुलाची नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून बाटली तुमच्या हातात दिली तर विचारा, “यात फॉर्मॅलिनच आहे ना?” आणि बाटलीवरचं नाव वाचा. झाकणावरचं नको, बाटलीवरचं. झाकणं बदलतात.

“रिपोर्टला इतके दिवस का?” फॉर्मॅलिन आत मुरायलाच तास लागतात, स्तनाच्या तुकड्याला किमान 6. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवायचं आणि 3-4 मायक्रॉनचे काप काढायचे, केसाच्या विसाव्या हिश्शाएवढे. ते कोमट पाण्यावर सोडले की दुधावरच्या सायीसारखे पसरतात, अलगद काचेवर उचलून रंगवायचे. पेशींची केंद्रकं जांभळट-निळी, बाकी गुलाबी. हाड असेल तर आधी चुना काढायला आणखी दिवस जातात. स्तनाचा कॅन्सर दिसला तर पेशींवर ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन) या तपासण्या करतो, कारण कोणतं औषध लागू पडेल हे त्यावर ठरतं. रिपोर्ट लांबला म्हणजे काहीतरी वाईटच आहे, असा अर्थ काढून रात्री जागवू नका.

रिपोर्टमध्ये ‘नमुना अपुरा’ असं आलं तर मात्र ‘कॅन्सर नाही’ असं समजून घरी बसू नका. त्याचा अर्थ एवढाच, की मला उत्तर देता आलं नाही. पुन्हा तुकडा द्यावा लागेल.

आणि ते मेणाचे ठोकळे, ज्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो, ते वर्षानुवर्षं टिकतात. परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा दुसरीकडे मत घ्यायला निघालात तर नुसता कागद नेऊ नका. लॅबमध्ये जाऊन स्लाइड (त्या रंगवलेल्या काचा) आणि ब्लॉक मागा, सही करून ताब्यात घ्या. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.