आडनावावरून ठरलेली शाळा

मंडळी, आज आपण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत जमलो आहोत. इथून वेस्टमिन्स्टर गाडीनं फार लांब नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या सतराव्या रस्त्यावरच्या शाळेत सोलेदाद विदौरी नावाची बाई पाच मुलांना घेऊन गेली. दोन मुली तिच्या स्वतःच्या, तीन मुलं भावाची, म्हणजे ती त्यांची आत्या. तिच्या मुली उजळ, आडनाव फ्रेंच वाटणारं, त्यामुळे त्यांना लगेच प्रवेश मिळाला. भावाची मुलं सावळी आणि आडनाव मेंडेझ. त्यांनी ‘मेक्सिकन शाळे’त जावं, असं सांगण्यात आलं. आत्या भडकली आणि पाचही मुलांना घेऊन घरी परतली.

ती मेक्सिकन शाळा म्हणजे दोन खोल्यांचं लाकडी खोपटं, शेजारी गाईंचं कुरण आणि त्याला विजेचं कुंपण.

गंमत बघा, कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मेक्सिकन मुलांना वेगळं बसवण्याची तरतूदच नव्हती. चिनी, जपानी आणि मूळनिवासी मुलांसाठी होती. कागदोपत्री मेक्सिकन ‘गोरे’! मग सबब काय, तर मुलांना इंग्रजी येत नाही. आपल्यापैकी अनेकांनी पोरांच्या शाळेच्या फॉर्मवर ‘घरची भाषा: मराठी’ असं लिहिलं असेल. त्यावरून परीक्षा घेणं वेगळं, आणि आडनाव वाचून वर्ग ठरवणं वेगळं. तिथे चाचण्या झाल्याच तर घाईघाईनं उरकलेल्या, आणि काही मुलांची वाटणी तर मुख्यतः नावावरून. हे मी म्हणत नाही, न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी निकालात नोंदवलंय.

त्या तीन मुलांचा बाप गोन्झालो मेंडेझ. त्यानं आणखी चार बापांना सोबत घेऊन मार्च १९४५ मध्ये चार शाळा-जिल्ह्यांवर, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थांवर, खटला भरला. तो गावोगाव पालकांना भेटत फिरे, तेव्हा शेत बायको फेलिसितास सांभाळे. ते शेत मुनेमित्सू या जपानी कुटुंबाचं, कसायला घेतलेलं. मालक मंडळी युद्धकाळात जपानी वंशाची म्हणून सरकारी छावणीत डांबलेली! एका घरावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्याला न्याय मागण्याइतका पैसा मिळाला. मला हे अजून पचत नाही.

त्या चारांपैकी गार्डन ग्रोव्ह जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यानं मेक्सिकन मुलं स्वच्छतेत आणि बुद्धीत कमी असल्याचं शपथेवर सांगितलं. मग वकील डेव्हिड मार्कसनी चौदा वर्षांच्या एका मुलीला साक्षीला उभं केलं. ती स्वच्छ इंग्रजीत बोलली.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मेंडेझ जिंकले, १९४७ मध्ये अपिलातही. त्या अपिलात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गुड मार्शलही न्यायालयापुढे मेंडेझच्या बाजूनं म्हणणं मांडणाऱ्यांत होते. त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी चिनी-जपानी मुलांना वेगळं बसवणारी कलमंही रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. सरकारी शाळांत वंशावरून मुलांना वेगळं बसवणं देशभर घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालात हे दोघं पुन्हा भेटतात, मार्शल वकील, वॉरन सरन्यायाधीश.

गोन्झालोची थोरली मुलगी सिल्व्हिया तेव्हा लहान होती. तिला वाटायचं, आईबाबा भांडताहेत ते त्या शाळेच्या छान मैदानासाठी. शेवटी ती गोऱ्यांच्या शाळेत गेली. पहिल्याच दिवशी एका मुलानं तिला सुनावलं, तू मेक्सिकन, तुझं इथे काय काम? रडत घरी आली, म्हणाली मला नाही जायचं परत. आईनं विचारलं, अगं, आम्ही कशासाठी भांडलो, ठाऊक नाही का तुला?

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली.