रिस्पाचं मौन आणि आपलं मौन

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

उपवासकाळ आला की मंडळीत बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा त्रेपन्नावा अध्याय वाचला जातो. वधाला नेलेल्या कोकरासारखा तो, म्हणजे आपल्या समजुतीने प्रभू येशू, गप्प राहिला, त्याने तोंड उघडलं नाही. हे वचन देवळाबाहेर कुणाला ऐकवलं जातं? घरात मार खाणाऱ्या सुनेला. मजुरी बुडालेल्या गड्याला. "प्रभूने सोसलं, तूही सोस," असं सांगणारे सहसा स्वतः काही सोसत नसतात. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे: ज्याच्यावर अन्याय होतो, त्याने गप्प राहायचं की बोलायचं हे त्याचं त्याने ठरवावं. बघणाऱ्याने ते त्याच्यासाठी ठरवू नये.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढा. दावीद राजाच्या काळात तीन वर्षं सलग दुष्काळ पडला. कारण विचारलं तेव्हा उत्तर आलं की शौल राजाने गिबोनी लोकांचं रक्त सांडलं होतं. इस्राएलाने त्यांना अभय दिलेलं, शपथ घेतलेली, आणि शौलाने ती मोडली. दावीदाने गिबोन्यांना विचारलं, भरपाई काय करू? सोनं-रुपं नको, ते म्हणाले, शौलाच्या वंशातले सात पुरुष द्या. दावीदाने दिले. पाच शौलाच्या मुलीचे मुलगे, आणि दोन त्याच्या उपपत्नीचे. त्या उपपत्नीचं नाव रिस्पा. तिच्या मुलांची नावं अर्मोनी आणि मफीबोशेथ. मारलं शौलाने, आणि मेली ही मुलं.

सातूच्या सुगीच्या सुरुवातीला, म्हणजे साधारण एप्रिलात, सातही जणांना डोंगरावर टांगलं आणि देह तसेच ठेवले. आता मोशेचं नियमशास्त्र काय सांगतं? बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात स्पष्ट आहे: टांगलेला देह रात्रभर तसा ठेवू नका, त्याच दिवशी पुरा. म्हणजे राजाच्या परवानगीने, सगळ्यांच्या देखत, नियम मोडला जात होता आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

रिस्पाने गोणताट घेतलं. गोणताट म्हणजे शेळीच्या केसांचं जाडंभरडं कापड, शोक करताना अंगाला गुंडाळायचं. तिने ते गुंडाळलं नाही, खडकावर अंथरलं आणि तिथेच ठाण मांडलं. दिवसा पाखरं हाकलायची, रात्री जनावरं. शास्त्रात लिहिलंय, आकाशातून पाऊस पडेपर्यंत. तो पाऊस नेहमीच्या हंगामातला धरला, तर त्या देशात तो ऑक्टोबरच्या सुमाराला येतो. एप्रिल ते ऑक्टोबर, श्रोतेहो. भर उन्हाळा. आपल्या पोटच्या दोन पोरांचे, आणि परक्या बाईच्या पाच पोरांचेही देह ती राखत होती. त्या पाचांना तिने वगळलं नाही.

या सगळ्यात रिस्पा एक शब्दही बोलत नाही. आधी तिसऱ्या अध्यायात तिचं नाव येतं, अबनेर सेनापतीवर तिच्यावरून आरोप होतो, तिथेही तिला कुणी काही विचारत नाही. अख्ख्या बायबलमध्ये तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. पण तिचं गप्प बसणं उघड्यावर होतं. खाली सुगी चाललेली, लोक शेतात जात-येत होते, आणि ती तिथून हलत नव्हती. शेवटी बातमी राजाच्या कानावर गेली. मग दावीद उठला. याबेश-गिलाद या गावी जाऊन त्याने शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणल्या, या सात जणांच्या अस्थी गोळा करवल्या आणि बन्यामिनाच्या प्रदेशात, शौलाच्या बापाच्या कबरेत शौल-योनाथानाचं दफन झालं. आणि चौदाव्या वचनाचा शेवट लक्ष देऊन वाचा. देशासाठी केलेली विनंती देवाने कधी ऐकली? सात जण मारले तेव्हा हे वाक्य येत नाही. हाडं नीट पुरल्यावर येतं.

ओघात सांगतो. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन आपण येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं ऐकतो, मधे गाणी, मधे प्रार्थना, आणि लाउडस्पीकर बाहेरच्या रस्त्यापर्यंत. तीन तासांत शांततेचं एक मिनिटही मिळत नाही. पाळकांना आणि फादरांना माझी विनंती आहे, प्रत्येक उद्गारानंतर पाच मिनिटं माइक बंद ठेवा. पेटीही नको.

आता प्रभू येशूचं मौन. त्याला पकडल्यावर हेरोद राजापुढे तो बोलला नाही, रोमी सुभेदार पिलातापुढे आरोपांना उत्तर दिलं नाही. पण पकडलं त्याच रात्री महायाजकाच्या शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा त्याने जाब विचारला: माझं बोलणं योग्य होतं, तर मला का मारतोस? योहान, अध्याय अठरा. आणि दुसऱ्याला गप्प करणाऱ्यांच्या बाजूला तो कधी उभा राहिला नाही. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा ओरडत होता, लोक त्याला दटावत होते, तेव्हा येशू थांबला आणि म्हणाला, त्याला बोलवा.

पेत्राच्या पहिल्या पत्रातलं सोसण्याचं वचनही असंच वापरलं जातं. ते घरच्या दासांना लिहिलेलं आहे. त्या दासांना मालकाविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. आजच्या बाईला आहे. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल मुंबईच्या वृत्तपत्रात उघड पत्र लिहिलं, तेही याच विश्वासातून.

तेव्हा मंडळीतली एखादी बहीण सांगायला आली, तर काय करायचं? आधी ऐका, मधे वचन सांगू नका. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. समोर तो असला की ती बोलत नाही, आणि घरी गेल्यावर त्याचा राग तिच्यावरच निघतो. तिचं नाव प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, संध्याकाळपर्यंत ते सासरी पोचतं. तिच्या संमतीने तारीख, वेळ, काय घडलं ते लिहून ठेवा. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा, डॉक्टरांना कारण खरं सांगायला सांगा, कागद जपा. आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती घराबाहेर, तिच्या भरवशाच्या माणसाकडे असू द्या.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी तिचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे देतात. अर्ज पोचल्यापासून साधारण तीन दिवसांच्या आत पहिली तारीख मिळावी, असं कायदाच म्हणतो. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईला तिथे मोफत वकील मिळतो. महिला हेल्पलाइन १८१, आणि जिवावर बेतलं असेल तर ११२.

याच कायद्याचं चौथं कलम शेजाऱ्यांसाठी आणि पाळकांसाठी आहे. हिंसा होते आहे असं वाटायला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. पुन्हा सांगतो, कुणीही. नातं लागत नाही, मंडळीच्या कमिटीचा ठराव लागत नाही. तिला आधी विचारा, कळवू का? ती हो म्हणाली, तर त्याच दिवशी कळवा.