गाल फुगवा, काका

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय चेहऱ्याच्या नसेवरच्या गाठी, कॅन्सर नसलेल्या. पण आधी निफाडकडच्या एका सलूनवाल्याची गोष्ट.

जानेवारीत एक द्राक्षबागायतदार काका आले. डावा गाल ओघळलेला, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळतोय. "पहाटे बागेत वारं लागलं. आठ दिवस झाले." मीही मनात 'बेल्स पाल्सी', म्हणजे अचानक येणारा चेहऱ्याचा लकवा, लिहून मोकळा झालो होतो. तेवढ्यात त्यांना मोटारसायकलवर घेऊन आलेले गावचे सलूनवाले म्हणाले, "आठ दिवस कुठले, साहेब? गणपतीपासून मी म्हणतोय, काका, गाल फुगवा. डावीकडनं हवा फुस्स! वस्तऱ्याला गाल ताणूनच मिळत नाही. आणि ओठ मधूनच उडतो."

घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? जेवताना सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. असो.

तर ऐका, बेल्स पाल्सी झपाट्यानं येते, फार तर 3 दिवसांत. हळूहळू, महिनोन्‌महिने वाढणारा लकवा, सोबत गालाचं उडणं, त्याच बाजूला कमी ऐकू येणं, किंवा 6 महिन्यांतही सुधारणा नाही, तर गाठ आहे का ते बघायचं. पुन्हा सांगतो, हळूहळू आला तर बघायचं. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या जेमतेम 3 सेंटीमीटरच्या अरुंद बोगद्यातून येते. काकांची गाठ तिथेच, नसेच्या वळणावर, रंगद्रव्य टोचून केलेल्या एमआरआयमध्ये चमकली. श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणाची कॅन्सर नसलेली गाठ. सोबत हाडाचा सीटी स्कॅन आणि श्रवणचाचणी केली.

"काढून टाका," मुलगा म्हणाला. मी थांबवलं. चेहऱ्याची ताकद आम्ही 1 ते 6 अशी मोजतो, 1 म्हणजे ठणठणीत. काका 3 वर होते. गाठीबरोबर नस कापून मानेची किंवा पायाची नस जोडली, तरी चेहरा सहसा 3 पेक्षा चांगला होत नाही. मग घाई कशाला? चेहरा आणखी पडला किंवा गाठ वाढून मेंदूवर दाब आला, तर शस्त्रक्रिया. काहींना नेमका गाठीवर किरणोपचार. तोवर ठरावीक काळानं एमआरआय, आणि डोळा नीट मिटत नसेल तर थेंब, रात्री चिकटपट्टी. डोळा कोरडा पडू द्यायचा नाही, हे विसरू नका.

काका अजून तपासणीला येतात, त्याच मोटारसायकलवरून. मागच्या खेपेला मी एमआरआय उघडण्याआधीच सलूनवाले म्हणाले, "हवा तेवढीच जाते, साहेब. जास्त नाही."